सहा तारा आणि एक दाढी

मित्रांनो, मी तोंड उघडलं की माणसं दचकतात आणि मी गप्प राहिलो की त्यांचा जीव भांड्यात पडतो. असं नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी एक जुना किरणमापक आहे. काही किरण असे असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, अंगावर पडले तरी कळत नाहीत. त्यांची चाहूल मला लागते, आणि ती लागली की मी टकटक करतो. म्हणून या हॉस्पिटलात सगळे मला टकटक्या म्हणतात. कारखान्यानं दिलेलं माझं नाव पाठीवरच्या पट्टीवर कोरलेलं आहे, पण ते सगळं आकड्यांचं असल्यामुळे त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

दिसायला मी देखणा वगैरे नाही. जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, वर धरायला मूठ, पुढं काचेखाली एक बारीक काटा. उजव्या अंगाला दोन बटणं. एक मला जागं करायचं आणि दुसरं माझा आवाज लहानमोठा करायचं. पोटातून निघालेली वेटोळ्यांची वायर एका नळकांड्याला जोडलेली आहे, ते माझं नाक समजा. कारखान्यात एक जाड चष्म्याची बाई दिवसभर मान वाकवून आमच्या पोटातल्या तारा जोडायची. माझं झाकण बसवून तिनं बटण फिरवलं आणि मी पहिल्यांदा टक केलं, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "रडला बाई एकदाचा." मला वाटतं, माझ्या आयुष्यात माझ्या आवाजानं मनापासून खूश झालेलं ते पहिलं माणूस.

हॉस्पिटलात आल्यावर मला मोजणीबाईंच्या हवाली केलं गेलं. कुठल्या रुग्णाला किती किरण, किती वेळ द्यायचे, याचं गणित करणं हे त्यांचं काम. पण सवय अशी लागलेली, की त्या जिना चढतानासुद्धा पायऱ्या मोजत आणि एक पायरी जास्त भरली की परत खाली जात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाक मऊ फडक्यानं पुसलं आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हा आजूबाजूला काही नसलं तरी अधूनमधून टक करणारच, कारण मातीतून आणि आकाशातून थोडे किरण सगळीकडे येतच असतात. त्याला घाबरायचं नाही. पण हा घाईनं बोलायला लागला, की हातातलं काम सोडून ऐकायचं.

माझी जागा होती लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या एका खोलीत. तिच्या भिंती हातभर जाड, दार जड. दारापाशी भिंतीला एक खुंटी आणि खुंटीवर मी. पलंगाच्या बाजूला माणसापेक्षा उंच असा शिशाचा पडदा होता आणि त्याला मध्ये एक जाड काचेची खिडकी होती. फरशीवर पिवळी रेघ मारलेली होती. आतल्या माणसानं रेघ ओलांडायची नाही आणि बाहेरच्यानं पडद्यामागं रेंगाळायचं नाही.

त्या खोलीत जी माणसं येत, त्यांना तोंडाचा किंवा गळ्याचा कर्करोग असे. त्यांच्या दुखण्याच्या जागी बारीक पोकळ नळ्या बसवत आणि नळ्यांतून इरिडियम नावाच्या धातूच्या, केसाहून थोड्या जाड तारा आत सरकवत. त्या तारांतून किरण निघत. बाहेरून किरण सोडले तर वाटेतली चांगली जागाही भाजते. हे किरण जिथं हवे तिथंच, आतून, चार-सहा दिवस हळूहळू काम करत. म्हणून तेवढे दिवस त्या माणसानं एकट्यानं राहायचं.

खोलीचे नियम दोनच, पण मोजणीबाईंनी ते सगळ्यांकडून पाठ करून घेतले होते. जेवढ्या तारा आत गेल्या तेवढ्या मोजून बाहेर आल्या पाहिजेत. आणि या खोलीतली चादर असो, टॉवेल असो की कागदाचा कपटा असो, माझ्या नाकासमोर धरल्याशिवाय दाराबाहेर जाता कामा नये. हे काम खोलीची साफसफाई बघणाऱ्या मावशींकडे होतं. त्यांना माझ्या काचेवरचे आकडे वाचता येत नसत, पण कान तिखट होता. कपड्यांचं गाठोडं माझ्यासमोर धरायच्या, डोळे मिटून माझं टक... टक... ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चल रे बाबा, तू म्हणतोस तर नेते." घरच्या माणसावर ठेवावा इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता.

असा बराच काळ गेला आणि मग आमच्याकडे सलूनवाले काका आले.

त्यांचं बाजारपेठेत केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि अखंड गप्पा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्री आणि तोंड एकदम सुरू व्हायचं. त्यांच्या दुकानात केस वाढले नसतानाही माणसं येऊन बसत म्हणे. घरीही तेच. काकू तीस वर्षं सांगून थकल्या होत्या, की जरा तोंडाला कुलूप लावा, उचलली जीभ लावली टाळ्याला असं किती दिवस चालायचं? काकांचं त्यावर ठरलेलं उत्तर असे, की कुलूप लावलं तर दुकानाला टाळं लागेल.

त्या जिभेच्या कडेला एक फोड आला. दाढ घासत असेल म्हणून त्यांनी कानाडोळा केला. तीन महिन्यांनी फोडाची गाठ झाली, कानापर्यंत कळ जायला लागली, तेव्हा काकूंनी हाताला धरून दवाखान्यात आणलं. गाठ कर्करोगाची निघाली.

मोजणीबाईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मला अधूनमधून त्या कागदांवर ठेवत, त्यामुळे त्या दिवशीची चर्चा मी जवळून ऐकली. टेबलाच्या एका बाजूला शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, उंच आणि तुटक बोलणारे. दुसऱ्या बाजूला किरणवाले डॉक्टर, बुटके आणि पुन्हा पुन्हा चहा गार करून पिणारे. समोर काका आणि काकू. उंच डॉक्टर म्हणाले, की रोगाची मुळं राहू नयेत म्हणून मोठं कापायचं तर अर्धी जीभ जाईल, आणि नुसती गाठ काढली तर आजूबाजूला मुळं राहण्याची भीती. बुटके डॉक्टर म्हणाले, की एवढ्या मोठ्या गाठीला नुसत्या तारा पुरायच्या नाहीत.

काकांनी विचारलं, "अर्धी जीभ गेल्यावर माणूस बोलतो का हो?"

"बोलतो, पण समोरच्याला कळायला वेळ लागतो," उंच डॉक्टर म्हणाले.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काका मूग गिळून गप्प बसले. काकू खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग बुटक्या डॉक्टरांनी कागदावर एक जीभ काढली. चित्र फार वाईट होतं, पण म्हणणं सरळ होतं. दोघांनी मिळून काम करायचं. उंच डॉक्टरांनी गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी जागा काढायची, मानेतल्या संशयाच्या गाठीही काढायच्या. आणि जखम शिवायच्या आधी, त्याच टेबलावर, जिथून गाठ निघाली तिथंच बुटक्या डॉक्टरांनी सहा नळ्या बसवून ठेवायच्या. जखम जराशी भरली की पाच-सहा दिवसांनी नळ्यांत तारा भरायच्या. सुरीला जे दिसणार नाही, त्याचा समाचार तारा घेतील. जिभेचा मोठा भाग वाचेल. बोलणं वाचेल का, हे मात्र दोघांपैकी कुणी छातीठोक सांगितलं नाही. "प्रयत्न तेवढ्यासाठीच आहे," एवढंच उंच डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी काकांना माझ्या खोलीत आणलं. गालापासून मानेपर्यंत सूज, नाकातून जेवणाची नळी, आणि हनुवटीखाली त्या सहा नळ्यांची टोकं, प्रत्येकाला एक छोटी टिकली अडकवलेली. तार आत गेली की ही टिकली दाबून घट्ट करतात, म्हणजे तार घसरत नाही. मोजणीबाईंनी तारा भरून घेतल्या आणि दारावरच्या फळीवर खडूनं लिहिलं, "सहा आत." साडेचार दिवस त्या आत राहायच्या होत्या.

जीभ इतकी सुजली होती, की काकांना एक अक्षर बोलता येईना. त्यांना एक पाटी दिली. पहिल्याच तासात ती त्यांनी दोन्ही बाजूंनी भरून टाकली. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा कोण?" मोजणीबाईंनी पडद्याच्या खिडकीतून त्यांना माझी सगळी ओळख करून दिली. काटा डावीकडे झोपलेला असला की ठीक, उजवीकडे धावला की सावध. काकांनी पाटीवर लिहिलं, "माझ्या जागी याला दुकानात बसवा."

मित्रांनो, त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. काका पडद्याआडून एक पाऊल बाहेर टाकायचे, त्यांच्या तोंडातल्या तारा मला दिसायच्या आणि माझा काटा उठायचा. ते मागं सरले की काटा खाली. रेघ न ओलांडता ते हा खेळ खेळायचे. बोलायची सवय असलेल्या माणसाला कुणीतरी उत्तर देणारं लागतं. ते उत्तर मी देत होतो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

काकूंना रोज दहा मिनिटं यायची परवानगी होती, तीही पडद्याच्या अलीकडून. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा काका त्यांना बघायला नेमके पडद्याबाहेर आले आणि मी जोरात टकटक सुरू केली. काकूंची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं, नवऱ्याचं काही बिघडलं. सिस्टरनी समजावून सांगितलं, पण प्रत्येक टक काकूंच्या काळजात रुतत होती. दहा मिनिटांतली सात त्यांनी रडण्यात घालवली.

खोलीवरच्या सिस्टर स्वभावानं फार मायाळू. दुसऱ्या दिवशी काकू यायच्या आधी त्यांनी हळूच माझ्या आवाजाचं बटण उलटं फिरवून टाकलं. काटा हलत राहिला, पण माझा गळा बसला. त्या दहा मिनिटांत काकू रडल्या नाहीत. काचेतून दोघं एकमेकांकडं बघत बसली. सिस्टरना इतकं बरं वाटलं, की बटण पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं.

त्याच भेटीत काकांनी पाटीवर लिहिलं होतं, "दाढी बघ. हे तोंड घेऊन दुकानात कसा जाऊ?" आता सांगा, ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या हनुवट्या गुळगुळीत केल्या, त्याच्या तोंडावर आठवडाभराचे खुंट. काकूंचा जीव कळवळला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा पिशवीत दुकानातला वस्तरा, ब्रश, साबण आणि हातआरसा होता. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या आणि पिशवी पडद्याखालून आत सरकली.

मी सगळं बघत होतो, पण मला किरणांशिवाय कशाबद्दलच बोलता येत नाही.

काकू गेल्यावर काकांनी स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, फेस केला आणि आधी गाल केले, मग ओठावरची लव. इथंच थांबायला हवं होतं. पण कारागीर अर्धं काम टाकून उठत नाही. हनुवटीखाली नळ्यांच्या आजूबाजूनं त्यांनी असा काही वस्तरा फिरवला, की दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं. शस्त्रक्रियेनंतर ती जागा बधिर होती. फेसात काही दिसत नव्हतं. एका नळीचं टोक टिकलीसकट कापलं गेलं आणि त्यांना वाटलं, टाक्याचा दोरा असेल. टॉवेलनं त्यांनी हनुवटी खसखसून पुसली. त्या पुसण्यात सैल झालेली तार नळीतून सरकून टॉवेलच्या घडीत गेली. टॉवेल कपड्यांच्या टोपलीत गेला. काका आरशात बघून प्रसन्न झाले.

थोड्या वेळानं मावशी आल्या. झटपट पडद्यामागं जाऊन टोपलीतल्या कपड्यांचं गाठोडं बांधून घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांनी ते माझ्या नाकासमोर धरलं. डोळे मिटले.

माझा काटा झेप घेऊन उजव्या टोकाला आदळला आणि तिथंच थरथरत राहिला. माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं मी ओरडलो. पण गळाच बंद. मावशींना काहीच ऐकू आलं नाही, आणि घाईची टकटक नाही म्हणजे सगळं ठीक, असं त्या गेली कित्येक वर्षं माझ्याकडूनच शिकल्या होत्या. "चल रे बाबा, नेते," म्हणाल्या आणि गाठोडं काखेत मारून वळल्या. ते गाठोडं आता धोब्याकडं जाणार होतं. तिथं चार बायका दिवसभर हातांनी कपडे चाळतात. आणि जी तार काकांच्या जिभेतली उरलीसुरली मुळं जाळायची, ती धुण्याच्या हौदात पडणार होती.

काचेतून दोन डोळे माझ्या काट्याकडं बघत होते. काकांना माझी ओळख पटलेली होती. इतका उजवीकडं गेलेला काटा त्यांनी कधी बघितला नव्हता, अगदी ते स्वतः रेघेवर उभे राहिले तेव्हाही नाही. त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसता घोगरा हवेचा आवाज आला. ज्या माणसाला गप्प बसा म्हणून घर तीस वर्षं सांगत आलं होतं, त्याला आज एकच हाक मारायची होती आणि ती निघत नव्हती.

त्यांनी वाटीतलं फेसाचं पाणी ओतून दिलं आणि वस्तऱ्याच्या मुठीनं वाटी पलंगाच्या दांड्यावर बडवायला सुरुवात केली. मावशी दारातून म्हणाल्या, "आले हो काका, हे टाकून येते." काका धावत रेघेपर्यंत आले. पुढं टाकलेलं पाऊल त्यांनी मागं घेतलं, कारण त्यांच्या तोंडात अजून पाच तारा होत्या आणि बाहेर व्हरांड्यात माणसं होती. रेघेवर उभं राहून ते वाटी वाजवत राहिले, टण टण टण, थांबेचनात. शेवटी मावशी वैतागून वळल्या. काकांनी आधी माझ्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या बंद तोंडाकडं, आणि पुन्हा माझ्याकडं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. आकडे वाचता येत नसले तरी काटा कुठं झोपतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुढं होऊन माझं आवाजाचं बटण फिरवलं.

मित्रांनो, मी असा कडाडलो, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला लोक उभे राहिले. मावशी घाबरल्या, पण गोंधळल्या नाहीत. गाठोडं खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवून, मागं न बघता बाहेर आल्या, दार ओढलं आणि मोजणीबाईंना हाक मारली.

पुढचं काम मोजणीबाईंचं. त्या लांब दांड्याचा चिमटा आणि शिशाची पेटी घेऊन आल्या. माझं नाक एकेका कपड्यावर धरत गेल्या. चादर, गप्प. उशीचा अभ्रा, गप्प. टॉवेल आला आणि मी त्यांना सांगितलं. घडी उलगडून त्यांनी ती बोटभर तार चिमट्यात धरली आणि पेटीत टाकली. झाकण बसलं तसा मी शांत झालो.

मग सगळ्यांनी काकांकडं बघितलं. तोंड सुजलेलं, नाकात नळी आणि दाढी मात्र लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखी. मोजणीबाईंनी हनुवटीखालच्या टिकल्या मोजल्या. पाच. त्यांना रागवायचं होतं हे दिसत होतं. पण काकांनी पाटी पुढं केली. तिच्यावर लिहिलं होतं, "मावशींचे हात बघा आधी." मोजणीबाई मावशींना बघायला बाहेर गेल्या.

मावशींच्या छातीवरचा किरण नोंदवणारा बिल्ला तपासायला गेला. गाठोडं त्यांच्याजवळ दोन-अडीच मिनिटंच होतं. पुढं कित्येक आठवडे त्यांचे हात आणि रक्त तपासलं गेलं आणि काहीही इजा निघाली नाही. सिस्टरनी त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं, की बटण मी बंद केलं होतं. काकूंना निरोप गेला तेव्हा त्या धावत आल्या आणि मोजणीबाईंसमोर उभ्या राहिल्या. "वस्तरा मी दिला," म्हणाल्या. "माझ्यामुळं त्यांची जीभ जाणार का?"

"नळी जागेवर आहे, काकू," मोजणीबाई म्हणाल्या. "तार पुन्हा भरू. जेवढा वेळ ती बाहेर राहिली, तेवढा वेळ ती शेवटी जास्त ठेवू."

तार पुन्हा भरून नवी टिकली बसेपर्यंत पाच तास गेले. म्हणून शेवटच्या दिवशी पाच तारा ठरल्या वेळी निघाल्या आणि सहावी एकटी पाच तास मागं राहिली. ते पाच तास काकू दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. माझा आवाज पूर्ण मोठा ठेवलेला होता आणि काका अधूनमधून पडद्याबाहेर एक पाऊल टाकून मला बोलतं करत होते. जिच्या काळजात माझी प्रत्येक टक रुतायची, ती बाई आता कान देऊन माझं बोलणं ऐकत होती. मी बोलतो आहे म्हणजे तार तिच्या जागी आहे, हे तिला उमगलं होतं.

सहावी तार निघाली. पेटीत पडली, मोजली गेली, झाकण बसलं. मोजणीबाईंनी मला खुंटीवरून उतरवलं आणि माझं नाक काकांच्या गालावरून, हनुवटीखालून, मानेवरून, छातीपर्यंत सावकाश फिरवलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक टक, आकाशाची.

दाराबाहेरून काकूंनी विचारलं, "बंद पडलं का हो ते?"

"नाही, काकू," मोजणीबाई म्हणाल्या. "त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नाही. आत या."

इतक्या वर्षांत माझ्या गप्प बसण्यावर कुणी आनंदानं रडलेलं मी तेव्हाच बघितलं. त्या आत आल्या आणि पडद्याला वळसा घालून सरळ नवऱ्याजवळ गेल्या. दहा मिनिटांनी त्यांना उठवायला कुणी आलं नाही.

त्यानंतरचे महिने काकांना जड गेले. तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा झोंबायचं. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई त्यांना जीभ वर उचलून टाळूला लावायला सांगायच्या आणि ती निम्म्यातच पडायची. काकू समोर बसून म्हणायच्या, "अहो, उचला की. उचला जीभ, लावा टाळ्याला." आणि मग आपलंच बोलणं आठवून दोघंही हसायची, काका हसताना कळवळायचे. एक दिवस जीभ लागली.

माझे दिवसही नंतर फिरले. नवा मापक आला, काचेवर हिरवे आकडे उमटणारा, हलका, देखणा. मला एका खणात टाकलं. पोटातला सेल काढायला विसरले. तो पाझरला आणि त्याच्या पाण्यानं माझ्या दोन तारा खाल्ल्या. मला त्या खणात सगळ्यात जास्त आठवण यायची ती मावशींच्या मिटलेल्या डोळ्यांची. शेवटी मोजणीबाईंना खणातल्या वस्तू मोजायची लहर आली आणि मी सापडलो. त्यांनी पोट साफ करून मला पुन्हा बोलतं केलं. कामावर मी आता नसतो. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो आणि शिकायला येणाऱ्या नव्या मुलामुलींना त्या माझी गोष्ट सांगतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. वर्षातून एकदा आम्हा मापकांची परीक्षा घ्या, काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, आणि कुणाला आमच्या बोलण्याची भीती वाटली तर त्याला जवळ बसवून समजवा, पण आमचं तोंड बंद करू नका. सिस्टरनी ते मायेनं केलं होतं, काकूंनी वस्तराही मायेनंच दिला होता. मला दोघींचा राग नाही. पण माया करणाऱ्यानंही एकदा काट्याकडं बघावं.

काका वर्षातून दोनदा तपासणीला येतात. आजवर रोग परतलेला नाही. 'र' म्हणताना जीभ अजून अडखळते, आणि लांबलचक वाक्य असलं तर मध्ये पाणी प्यावं लागतं. बाकी दुकान जोरात आहे. डॉक्टरांकडून सुटले की ते माझ्या कपाटासमोर येऊन उभे राहतात आणि दाढीची गोष्ट पहिल्यापासून सांगतात. दर खेपेला तिच्यात काहीतरी वाढलेलं असतं. परवा तर वाटीच्या जागी बादली आली होती. मोजणीबाईंचं गणित खोळंबलं होतं. पाऊण तास झाल्यावर त्या हात जोडून म्हणाल्या, "काकू, आता तुम्हीच यांना आवरा."

तीस वर्षं तोंडाला कुलूप लावा म्हणणाऱ्या काकू खुर्चीत आरामात टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा पेला नवऱ्यापुढं सरकवला.

"राहू द्या हो बाई," त्या म्हणाल्या. "आवाज बंद करून एकदा बघितलंय आपण."